ते २२२ यार्ड कुठे गेले? : एनसीएएच्या सांख्यिकी विभागास खुले पत्र

प्रति,
सांख्यिकी व विक्रम नोंदणी विभाग,
नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए),
इंडियानापोलिस, इंडियाना राज्य, अमेरिका.

विषय : ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे माजी रनिंग बॅक बॅरी सँडर्स यांच्या १९८८ च्या हंगामातील बाउल सामन्याचे आकडे अधिकृत बेरजेत धरण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी मूळचा कोल्हापूरचा. पदव्युत्तर शिक्षणासाठी ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर या गावी आलो आणि पुढे त्याच राज्यात नोकरी धरून राहिलो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारी आपली मुले दर शनिवारी ज्या खेळापायी घसा बसवून घेतात, त्या अमेरिकन फुटबॉलचे हिशेब विद्यापीठांतल्या खेळांचा कारभार पाहणारी आपली संस्था कसे ठेवते हे त्यांच्या घरच्यांनाही कळावे. या खेळाची ओळख नसलेल्या वाचकांसाठी मधूनमधून खुलाशाचे दोन शब्द घालावे लागतील, त्याबद्दल आपण राग मानू नये. आणखी एक : आवडत्या खेळाडूचा उल्लेख मराठीत एकेरीच होतो. विषयाच्या ओळीत सँडर्स यांना दिलेला आदरार्थी प्रत्यय मी येथून पुढे काढून ठेवतो.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत घट्ट धरून समोरच्या अकरा जणांमधून वाट काढत पळणारा गडी. तो किती यार्ड पुढे सरकला यावर त्याचे मोल ठरते. यार्ड म्हणजे तीन फूट. नऊवारीतला वार तो हाच. एका सामन्यात शंभर यार्ड निघाले तर दिवस चांगला गेला असे समजतात, आणि हंगामात हजार यार्ड झाले की वर्तमानपत्रे त्या मुलाची दखल घेऊ लागतात. आपली अधिकृत आकडेवारी १९३७ पासूनची आहे. तेव्हापासून एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला तो थेट १९८१ मध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मार्कस अ‍ॅलनकडून. त्याच्या नावावर आपण २,३४२ यार्ड लिहिले आहेत. सात वर्षांनी तो आकडा ज्याने मागे टाकला, त्याच्याविषयी हे पत्र आहे.

बॅरी सँडर्स हा कॅन्सास राज्यातील विचिटाचा, अकरा भावंडांतला एक. वडील सुतारकाम करीत आणि घरांची छपरे घालीत. उंची पाच फूट आठ इंच. एवढ्याशा मुलाला मोठ्या विद्यापीठाच्या संघात घेऊन काय करायचे, असे बहुतेक प्रशिक्षकांना वाटले, आणि शाळेतही शेवटच्या वर्षाच्या चौथ्या सामन्यापर्यंत त्याला रनिंग बॅकची कायमची जागा मिळाली नव्हती. ओक्लाहोमा स्टेटने शिष्यवृत्ती दिली, पण तिथे त्याच्या पुढे थर्मन थॉमस उभा होता, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यामुळे १९८६ आणि १९८७ ही दोन वर्षे सँडर्स राखीव खेळाडू राहिला. सामन्याच्या आरंभी किंवा गुण झाल्यावर प्रतिस्पर्धी लाथाडून पाठवतो तो चेंडू झेलून परत पळण्याचे काम मात्र त्याच्याकडे होते, आणि १९८७ मध्ये त्या कामात तो दर झेलामागे ३१.६ यार्डांच्या सरासरीने देशात पहिला आला. ज्यांनी तेव्हा त्याला पाहिले, त्या स्टिलवॉटरच्या जुन्या लोकांना पुढच्या वर्षी काय होणार आहे याचा वास आला होता, असे ते सांगतात. अशा गोष्टी घडून गेल्यावर सगळेच सांगतात, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

१९८८ मध्ये थॉमस गेला आणि जागा रिकामी झाली. हंगामातला पहिलाच चेंडू सँडर्सच्या हातात आला, मायामी ऑफ ओहायो विद्यापीठाविरुद्ध, आणि तो घेऊन तो पूर्ण १०० यार्ड पळाला. या पहिल्या सामन्यापासून रनिंग बॅक म्हणून त्याने केलेले यार्ड मी आपल्याच नोंदींवरून ओळीने लिहितो, कारण त्यांची बेरीज हा या पत्राचा गाभा आहे : १७८, १५७, ३०४, १७४, १८९, १५४, ३२०, २१५, ३१२, २९३ आणि ३३२. अकरा सामने, ३४४ धावा (म्हणजे चेंडू घेऊन पळण्याच्या खेपा), २,६२८ यार्ड. एकाही सामन्यात दीडशेच्या खाली नाही. तीनशेच्या वर चार वेळा. प्रत्येक धावेमागे सरासरी साडेसात यार्डांहून अधिक, सामन्यामागे २३८.९. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे म्हणजे टचडाउन; ते त्याने पळत ३७ वेळा आणि सगळे प्रकार धरून ३९ वेळा केले. त्या एका हंगामात मोडलेल्या किंवा नव्याने झालेल्या राष्ट्रीय विक्रमांची संख्या ३४ सांगितली जाते.

यातला शेवटचा, ३३२ यार्डांचा सामना टोकियोत झाला. टेक्सस टेकविरुद्धचा तो सामना ओक्लाहोमा स्टेटने ४५–४२ असा जिंकला, आणि त्याच दिवशी, सामन्याच्या काही तास आधी, महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान असलेली हाइजमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली. न्यूयॉर्कमधल्या समारंभाशी उपग्रहाद्वारे जोडलेल्या कॅमेऱ्यासमोर बसायलाही तो फारसा राजी नव्हता. त्याच्या पुढ्यात पळून वाट मोकळी करणाऱ्या धिप्पाड सोबत्यांचे नाव तो नेहमी आधी घेई. स्वतःला ‘वॉर पिग्ज’ म्हणवणाऱ्या त्या पाच-सहा मुलांना देशात कोणी ओळखत नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हंगाम टोकियोत संपला नव्हता. ३० डिसेंबर १९८८ रोजी सॅन दिएगोच्या जॅक मर्फी स्टेडियममध्ये ओक्लाहोमा स्टेटची गाठ वायोमिंगशी पडली. हा हॉलिडे बाउलचा सामना होता. नेहमीचा हंगाम संपल्यावर निवडक चांगल्या संघांना बोलावून जे सामने खेळवले जातात त्यांना बाउल म्हणतात. वायोमिंगने तोवर बारापैकी अकरा सामने जिंकले होते, म्हणजे समोर कोणी लिंबूटिंबू नव्हते. सँडर्सने २९ धावांत २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले, त्यांत एक धाव ६७ यार्डांची होती. चौथ्या सत्रात तो मैदानात उतरलाच नाही, कारण गरजच उरली नव्हती. सामना ६२–१४ असा सुटला. हा सामना जोडून पाहिला तर बारा सामने, ३७३ धावा, २,८५० यार्ड, पळत केलेले ४२ आणि एकूण ४४ टचडाउन असा हिशेब होतो.

आपल्या विक्रमांच्या पुस्तकात मात्र आजही २,६२८ आणि ३९ हेच आकडे आहेत. बाउल सामने हे हंगामाबाहेरचे, सर्वांच्या वाट्याला न येणारे, म्हणून वैयक्तिक बेरजेत धरायचे नाहीत, असा आपला जुना नियम होता. त्यात तर्क होता हे मी मान्य करतो. ज्या संघाला बोलावणेच आले नाही, त्याच्या खेळाडूला एक सामना कमी मिळतो आणि तुलना बिघडते. नियम सर्वांना सारखा लागू होता तोवर तक्रारीला जागा नव्हती. पण २००२ च्या हंगामापासून आपण तो बदलला. त्या वर्षापासून बाउलमधले यार्ड हंगामाच्या आणि कारकिर्दीच्या बेरजेत मिळू लागले. मात्र २००१ पर्यंतच्या कोणाच्याही खात्यात मागे जाऊन ते जमा केले नाहीत. परिणाम असा की, एकाच तक्त्यात, एकाच शीर्षकाखाली, दोन वेगळ्या मापांनी मोजलेला माल शेजारी शेजारी मांडलेला आहे, आणि त्याला आपण पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकही दिले आहेत. आमच्या बाजारात दुकानदाराने असे केले असते तर वजनमापे खात्याचा निरीक्षक दारात आला असता.

शिवाय बाउल म्हणजे केवळ मैत्रीपूर्ण सामना, हे म्हणणे १९८८ मध्येही खरे उरले नव्हते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची संघांची शेवटची क्रमवारी १९६८ पासून कायम बाउल सामन्यांनंतरच निघत आली आहे, आणि प्रशिक्षकांचे मतदानही १९७४ पासून बाउलनंतर होऊ लागले. म्हणजे राष्ट्रीय विजेता कोण हे ठरवायला जानेवारीचा सामना चालत होता, आणि त्याच सामन्यात पळालेला मुलगा किती पळाला हे लिहून ठेवायला मात्र तो चालत नव्हता. ओक्लाहोमा स्टेटच्या त्या वर्षीच्या दहा विजयांत वायोमिंगवरचा विजय धरलेला आहे. विजय धरला आणि यार्ड सोडले, याची संगती मला लावता आलेली नाही.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत निव्वळ हौशी लोकांच्या चर्चेचा राहिलेला नाही. २०२४ च्या हंगामात बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेन्टी सँडर्सच्या अगदी जवळ येऊन पोहोचला. तेरा सामन्यांत २,४९७ यार्ड झाले होते आणि ३१ डिसेंबरला फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटविरुद्ध विक्रम मोडायला त्याला १३२ हवे होते. त्याला १०४ मिळाले. २,६०१ वर तो थांबला, आणि सत्तावीस यार्डांनी हुकलेला विक्रम म्हणून सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. मी तो सामना घरी बसून पाहिला. जेन्टी मला फार आवडतो. दोघातिघांनी धरल्यावरही पाय चालू ठेवण्याची त्याची जिद्द विलक्षण आहे. पण विचार करा, त्या रात्री त्याला आणखी अठ्ठावीस यार्ड मिळाले असते तर काय झाले असते? चौदाव्या सामन्यात, बाउलमधल्या धावांच्या बळावर, अकरा सामन्यांत केलेला विक्रम मोडला गेला असता, आणि ज्याच्या बाउलमधल्या २२२ यार्डांना आपण हिशेबात घेतलेच नाही त्याला दुसऱ्या क्रमांकावर जावे लागले असते. जेन्टीचे अकरा सामन्यांनंतर २,०६२ आणि बारा सामन्यांनंतर २,२८८ यार्ड होते. सँडर्सचे त्याच टप्प्यांवर २,६२८ आणि २,८५०. सत्तावीस यार्डांचे अंतर हे आपल्या तक्त्यातले आहे, मैदानावरचे नाही.

त्याच्या आधी हेच दोनदा होता होता राहिले. सेंट्रल फ्लोरिडाच्या केव्हिन स्मिथने २००७ मध्ये चौदा सामन्यांत २,५६७ यार्ड केले, आणि विस्कॉन्सिनच्या मेल्व्हिन गॉर्डनने २०१४ मध्ये, तेही चौदा सामन्यांत, २,५८७. दोघांच्याही बेरजेत बाउल आहे. एकूण टचडाउनच्या बाबतीत तर होता होता राहिले असेही म्हणता येत नाही. विस्कॉन्सिनच्याच माँटी बॉलने २०११ च्या हंगामात ३९ टचडाउन केले आणि आपण त्याला सँडर्सच्या बरोबरीने बसवले. रोझ बाउलला जाईपर्यंत बॉलचे ३८ झाले होते. एकोणचाळिसावा तिथे झाला, १४ व्या सामन्यात. बाउलमधल्या एका टचडाउनने ज्याच्याशी बरोबरी केली, त्याचे बाउलमधले पाच टचडाउन मोजायचे नाहीत, हा न्याय आपण लेखी स्वरूपात कसा समजावून सांगाल, हे मला खरोखरच वाचायला आवडेल.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र सँडर्सचे झालेले नाही. त्याचा यार्डांचा विक्रम निदान शाबूत आहे. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनचा गेला. १९९६ ते १९९९ या चार हंगामांत डेनने ६,३९७ यार्ड केले आणि कारकिर्दीचा राष्ट्रीय विक्रम आपल्या नावावर केला. तो चार बाउल खेळला : कॉपर बाउलमध्ये युटाविरुद्ध २४६, आउटबॅक बाउलमध्ये जॉर्जियाविरुद्ध ३६, रोझ बाउलमध्ये यूसीएलएविरुद्ध २४६ आणि पुढच्याच वर्षीच्या रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध २००. हे ७२८ यार्ड धरले तर ७,१२५ होतात. १७ डिसेंबर २०१६ रोजी, लास वेगास बाउलमध्ये, सॅन दिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री ६,४०५ वर पोहोचला आणि डेनच्या पुढे गेला असे आपण जाहीर केले. त्या सामन्यापूर्वी पम्फ्रीचे ६,२९० होते, आणि त्यांतही आधीच्या तीन बाउलचे यार्ड मिळवलेले होते. आठ यार्डांची आघाडी, आणि तीही चारही बाउल स्वतःच्या खात्यात धरून व समोरच्याचे चारही वगळून. पम्फ्रीचा यात काडीचाही दोष नाही. अंगाने अगदी किरकोळ असलेला हा मुलगा चार वर्षे एकही हंगाम न चुकवता पळत राहिला, त्याचे कौतुक वेगळे आणि मोठे आहे. पण त्या दिवसापासून त्याच्या नावामागे जो वाद चिकटला, तो त्याने लावलेला नाही. आपण लावला आहे. योगायोग असा की, पम्फ्रीच्या संघाचे घरचे मैदान सॅन दिएगोतले तेच स्टेडियम होते, नाव बदललेले, जिथे सँडर्सचे २२२ यार्ड झाले. तिथे एकाचे पळणे नोंदले गेले आणि दुसऱ्याचे नाही. ते स्टेडियमही आता पाडले गेले आहे.

आपल्याकडून येणारे आक्षेप मला अंदाजाने माहीत आहेत. जुन्या बाउल सामन्यांचे तपशीलवार आकडे सर्वच ठिकाणी उपलब्ध नसतील, हा पहिला. तीस-चाळीसच्या दशकांपुरता तो ग्राह्य असेल. पण डेनचे आणि सँडर्सचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवलेले आहेत, त्यांचे अधिकृत गुणपत्रक आहे, आणि बाउल सामन्यांच्या विक्रमांचे एक स्वतंत्र पुस्तक आपणच प्रसिद्ध करता. जिथे कागद पुरा आहे तिथे तो वापरावा आणि जिथे अपुरा आहे तिथे तशी तळटीप द्यावी, एवढे सरळ आहे. दुसरा आक्षेप असा की, मागे जाऊन आकडे बदलू लागलो तर विक्रमांना स्थैर्य राहणार नाही. याचे उत्तर मेजर लीग बेसबॉलने दिले आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंना ज्या काळात मुख्य स्पर्धेची दारे बंद होती, त्या काळातील निग्रो लीग्जना त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये समान दर्जा दिला आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत मिसळली. टाय कॉब हे नाव फलंदाजीच्या सरासरीच्या शिखरावरून खाली आले आणि .३७२ सरासरीचा जॉश गिब्सन तिथे बसला. बेसबॉलवाल्यांइतके आकड्यांचे वेड दुसऱ्या कोणालाही नसेल. त्यांना जुनी पाने उघडता आली. त्यांच्यासमोरचा अन्याय किती तरी मोठा होता आणि काम किती तरी अवघड होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या मानाने आपल्यासमोरचे काम काही आठवड्यांच्या कारकुनीचे आहे.

तिसरे म्हणणे कदाचित असेही येईल की, सामन्यांची संख्याच वाढली आहे, तेव्हा तुलना कशीही केली तरी सदोषच राहणार. हे बरोबर आहे. सँडर्सच्या काळी नेहमीचा हंगाम अकरा सामन्यांचा होता, २००६ पासून तो कायमचा बारांचा झाला, त्यावर विभागीय अजिंक्यपदाचा सामना आला आणि आता बारा संघांची बाद फेरी आहे. ते सगळे सरळ करा अशी माझी मागणी नाही. जास्त सामने खेळून जास्त यार्ड केले तर ते केलेच, ते खरोखर घडलेले आहे. माझे भांडण फक्त न मोजण्याशी आहे.

कोल्हापूरच्या माणसाला या विषयाची इतकी कळ का यावी, असा प्रश्न पडेल. आमच्या गावात भाऊसाहेब निंबाळकर राहत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. प्रतिस्पर्धी कर्णधाराने विश्रांतीनंतर मैदानात उतरायलाच नकार देऊन सामना सोडून दिला. निंबाळकरांना कधी कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि २०१२ मध्ये ते वारले. त्या नऊ धावा झाल्याच नाहीत, त्यामुळे त्या कोणालाही परत देता येणार नाहीत. सँडर्सच्या २२२ यार्डांची गोष्ट तशी नाही. ते झालेले आहेत.

स्वतः सँडर्स यासाठी आपल्याकडे कधी अर्ज करेल असे मला वाटत नाही. १९८९ मध्ये, डेट्रॉइट लायन्सकडून व्यावसायिक खेळाच्या पहिल्याच वर्षी, शेवटच्या सामन्यात त्याला लीगमधला सर्वाधिक यार्डांचा मान मिळवायला केवळ दहा-अकरा यार्ड हवे होते. प्रशिक्षकांनी पुन्हा मैदानात जातोस का म्हणून विचारले, तर सामना जिंकलेला आहे, आता दुसऱ्यांना खेळू द्या, अशी त्याची भूमिका होती. तो मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेला गेला. दहा वर्षांनी, १५,२६९ यार्ड झालेले असताना आणि वॉल्टर पेटनच्या सर्वकालीन विक्रमाला १,४५७ कमी असताना, धडधाकट अंगाने त्याने निवृत्ती पत्करली आणि ती गावच्या वर्तमानपत्राला कळवून मोकळा झाला. आकड्यांविषयी इतका उदासीन माणूस आपल्या दारात येऊन हिशेब मागणार नाही. पण हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्याची नसून आपली आहे; त्याने फक्त पळायचे होते.

तेव्हा माझी विनंती अशी : २००२ पूर्वीच्या सर्व खेळाडूंचे, ज्यांची अधिकृत गुणपत्रके उपलब्ध आहेत त्या सर्व बाउल सामन्यांतील आकडे हंगामाच्या व कारकिर्दीच्या बेरजेत समाविष्ट करावेत. यामुळे केवळ माझ्या विद्यापीठाच्या माणसाचा फायदा होईल असे नाही. मार्कस अ‍ॅलनचे २,३४२ वाढून २,४२७ होतील, डेनला त्याचे ७,१२५ मिळतील, आणि ज्यांची नावे मला माहीतही नाहीत अशा शेकडो जणांच्या खात्यात भर पडेल. धोरणात्मक कारणाने हे लगेच शक्य नसेल, तर निदान जिथे जिथे २००२ च्या आधीचे आणि नंतरचे खेळाडू एकाच तक्त्यात येतात, तिथे बाउलसह आणि बाउलविना असे दोन रकाने छापावेत आणि क्रमांक दोन्ही रकान्यांना स्वतंत्रपणे द्यावेत. १९८८ मध्ये आपले कार्यालय कॅन्सास राज्यातच होते, सँडर्सच्या गावापासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर. त्या वर्षीचे कागद इंडियानापोलिसला हलवताना हॉलिडे बाउलचे गुणपत्रकही बरोबर गेले असेल अशी माझी समजूत आहे. नसल्यास मी स्टिलवॉटरहून प्रत मिळवून पाठवण्यास तयार आहे.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
ओक्लाहोमा स्टेटचा एक जुना मराठी विद्यार्थी